कुंपणाआतला बोध
रजनीशांच्या सांगण्यानुसार त्यांना बोध झाला तो २१ मार्च १९५३च्या रात्री, जबलपूरच्या भंवरताल बागेत. वय २१, बाग बंद, म्हणून कुंपण चढून आत. आज रखवालदाराची शिट्टी आधी वाजली असती. त्याच जबलपुरात मदनमहाल ते दमोहनाका हा सुमारे ७ किलोमीटरांचा उड्डाणपूल २०२५मध्ये खुला झाला. त्याने वेळ वाचतो, पण सोळा वर्षांच्या पोराने तो घालवायचा कुठे? मॉलमध्ये, म्हणाल; पण तिथे नुसते बसायलाही खिसा लागतो. रेंगाळणाऱ्या प्रत्येकाला बोध होत नाही, हा आक्षेप खराच. पण नर्मदेचा परिक्रमावासी चातुर्मासात एका जागी मुक्काम करतो, तेव्हा त्याच्याकडे कुणी फलिताचा हिशेब मागत नाही. त्याचे थांबणे व्रतातच धरले जाते. पोराचे थांबणे उनाडकी का, याचे उत्तर निदान परिक्रमेच्या नियमांत तरी सापडत नाही.