आलेले आणि न आलेले

बालवाडीच्या समारंभात मंचावर उभे केलेले चार वर्षांचे मूल प्रथम गर्दीत आपले माणूस शोधते. ते दिसले की विसरलेले गाणेही आठवते. पालकांनी अशा प्रसंगी यावे, हे सांगावयास याहून मोठे कारण नको. परंतु जे येत नाहीत, त्यांच्याविषयी आपण काय म्हणावे?

वडूजच्या परिसरातील एका गावी आम्हांस अशा समारंभास पाहुणे म्हणून बोलावले होते. भाषणाच्या ओघात आम्ही म्हणून गेलो, की ज्यांना लेकराची किंमत आहे, ते आज कामधाम टाकून आले आहेत. टाळ्या पडल्या. नंतर एक आजी नातवाचे बोट धरून जवळ आली. "फादर, ह्याचा बाप गलाईच्या कामाला परमुलखात हाय. आई कांद्याच्या लागणीला गेलीया. खाडा केला तर उद्या कोण बोलावतंय? त्यांना किंमत न्हाई व्हय?" आम्ही निरुत्तर झालो.

खटाव हा अवर्षणाचा मुलूख. येथील आणि माण, खानापूर, आटपाडीकडील कितीतरी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली आहेत. अशा ठिकाणी हजेरी हेच मायेचे माप ठरविले, तर गरिबी हाच अपराध ठरतो.

मग पालकांना बोलावूच नये काय? तसे नव्हे. मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत पहिली बालशाळा उघडली. आईने आठवड्यातून एकदा तरी शिक्षिकेला भेटावे, असा तेथे नियम होता. पण ती शाळा भाडेकरूंच्या इमारतीतच होती. आईच्या दाराशी आल्यानंतरच तिने आईला बोलावले. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांनी व अनुताई वाघांनी हाच क्रम पाळला: मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने त्याच्या अंगणात जावे. २०२२ साली राज्यातील शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे गट करण्यात आले, तेव्हाही घराला शिक्षणाचे भागीदार मानले गेले.

तेव्हा निमंत्रणाचे पहिले कर्तव्य निमंत्रकाचे आहे, असे आम्हांस वाटते. समारंभाची वेळ पालकांना विचारून ठरवावी. पोशाखाचा भुर्दंड त्यांच्यावर घालू नये. आजीआजोबांना पालकच मानावे. हळदीकुंकू ठेवून एखाद्या विधवा मातेला तिच्याच मुलाच्या आनंदातून वगळू नये. दूरच्या बापाने फोनवरून सांगितलेली गोष्ट शिक्षिकेने मुलांना ऐकवावी. तोही सहभागच होय.

मात्र सवड असूनही कट्ट्यावर गप्पा झोडीत बसणाऱ्या बापाला यातून पळवाट मिळू नये. ज्याला येता येत नाही आणि ज्याला यावयाचे नाही, ते दोघे एक नव्हेत. त्यांच्यातील भेद मंचावरून कळत नाही. त्यासाठी घरी जावे लागते. आम्ही गेलो नव्हतो, तरी न्याय करून मोकळे झालो.

प्रभूकडे बालके आणली गेली, तेव्हा ती कोणी आणली याची नोंद शुभवर्तमानात नाही. आई असेल, आजी असेल, एखादी शेजारीणही असेल. प्रभूने त्यांची हजेरी घेतली नाही; बालकांना जवळ घेतले.