सद्हेतू पुरेसा आहे का?

व्यसनात सापडलेल्या माणसाला बाहेर काढणे ही एक सेवा आहे. तरुणाचे पाऊल त्या वाटेवर पडूच न देणे ही दुसरी. पहिल्या सेवेची थोरवी आपल्या समाजाने ओळखली आहे. मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली ‘कृपा फाउंडेशन’चा पाया घातला. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ उभे केले. अशा कार्याला अभ्यास लागतो, शिस्त लागते, हे कुणी नाकारीत नाही. दुसऱ्या सेवेबाबत मात्र ती कुणीही करावी आणि कशीही करावी अशी आपली समजूत दिसते. २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन आला की भित्तिचित्रांची स्पर्धा होते, पथनाट्य होते, एखादे भाषण होते आणि वर्षाचे कर्तव्य संपते. हे काम करणाऱ्या युवकांनी रीतसर प्रशिक्षण घ्यावे असे सुचविले, तर उत्तर मिळते, “तळमळ असली म्हणजे झाले. मुलांवर माया करायला वर्ग कशाला?”

ह्या उत्तराचा आम्ही आदर करतो, कारण त्यामागे चांगुलपणा आहे. परंतु ते तपासून पाहणे अगत्याचे आहे. प्रश्न केवळ सोयीचा नसून नीतीचा आहे. दुसऱ्याच्या मुलाच्या जीवनात हात घालणाऱ्याला सद्हेतू पुरेसा आहे का?

ह्या संदर्भात एक जुना प्रयोग विचारात घेण्याजोगा आहे. अमेरिकेतील केंब्रिज आणि सॉमरव्हिल ह्या शेजारच्या शहरांत १९३९ साली मुलांना गुन्हेगारीपासून दूर ठेवण्याचा एक उपक्रम सुरू झाला. त्याचे जनक डॉ. रिचर्ड कॅबट हे वैद्य होते आणि हार्वर्ड विद्यापीठात सामाजिक नीतिशास्त्राचे प्राध्यापकही होते. सारख्या परिस्थितीतील मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या आणि जोडीतील कुणाला मदत द्यायची हे नाणे उडवून ठरले. एकंदर मुले ५०६. निवडलेल्या मुलांच्या घरी समुपदेशक जात, अभ्यासात साहाय्य करीत, औषधपाण्याची व्यवस्था करीत, त्यांना उन्हाळी शिबिरांना पाठवीत. सरासरी पाच वर्षे हे चालले. पुढे तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड ह्या विदुषीने त्या मुलांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्या ज्यांनी उत्तरे दिली, त्यांच्यापैकी दोन तृतीयांश जणांनी उपक्रमाचा आपल्याला लाभ झाला असे सांगितले. प्रत्यक्षात मद्यासक्तीची लक्षणे, गंभीर मानसिक आजार आणि अकाली मृत्यू ह्यांचे प्रमाण मदत न मिळालेल्यांपेक्षा मदत मिळालेल्यांतच अधिक आढळले. नंतरच्या अभ्यासकांचे लक्ष शिबिरांकडे गेले. घसरणीला लागलेली मुले एकत्र आणली की ती एकमेकांना सावरण्याऐवजी एकमेकांना चिथावतात, असे त्यांना दिसून आले.

तेथे कुणी दुष्ट नव्हते. माया होती, वेळ दिला गेला होता, मुलांची कृतज्ञताही होती. तरी अहित झाले. ह्यातून दोन गोष्टी निघतात. ज्याचे भले करायचे तो आभार मानतो, एवढ्याने त्याचे भले झाले असे ठरत नाही. आणि प्रेमाच्या हातूनही इजा होऊ शकते.

दुसरे उदाहरण आपल्या विषयाला अधिक जवळचे आहे. लॉस एंजेलिस येथे १९८३ साली ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातील पोलीस अधिकारी शाळेत येऊन मुलांना अमली पदार्थांविषयी धडे देत. पालक संतुष्ट, शिक्षक संतुष्ट. परंतु १९९४ साली अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष वागण्यावर त्याचा परिणाम नगण्य असल्याचे दिसले. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित कार्यालयाने २०१३ साली व्यसनप्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २०१८ साली त्यांची सुधारित आवृत्ती निघाली. शाळेत काय निष्फळ वा अपायकारक ठरते ह्याची यादी त्यांत आहे: नुसते व्याख्यान, भीती घालणे, पूर्वी व्यसनी असलेल्यांच्या कहाण्या, पोलिसांनी घेतलेले वर्ग, आणि केवळ नैतिक मूल्यांवर भर. प्रवचन हेच ज्यांचे नित्याचे साधन, त्या आम्हां धर्मगुरूंनी यादीतील शेवटची बाब दोनदा वाचावी. ह्याचा अर्थ नीती निरुपयोगी असा नव्हे. नकार देणे योग्य आहे हे मुलाला बहुधा ठाऊक असते. मित्रांच्या घोळक्यात तो नकार उच्चारायचा कसा, हे त्याला कुणी शिकविलेले नसते. म्हणूनच पालकांना संगोपनाचे धडे, मुलांना अनेक आठवडे सरावाने दिलेली जीवनकौशल्ये आणि अल्पवयीनांच्या हाती तंबाखू व दारू पडू न देण्याची दक्षता, हे मार्ग अधिक फलदायी ठरले आहेत.

हे सारे शिकावे लागते. कोलंबो योजनेच्या साहाय्याने असा अभ्यासक्रम अनेक देशांत शिकविला जातो. आपल्या देशात राष्ट्रीय समाजरक्षा संस्था कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देते. तेथे प्रथम आपल्या परिसराकडे डोळसपणे पाहायला शिकवितात. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांपेक्षा दहा ते सतरा वयाच्या मुलांत जास्त आढळले. इतर कोणत्याही पदार्थाबाबत तसे नव्हते. आपली भित्तिचित्रे सुई आणि कवटी रंगवितात. मुलाच्या खिशातील रुमालाला मात्र पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येत असतो. शिवाय आपल्या लग्नाच्या मांडवात पेला निषिद्ध नाही. त्या मांडवात वाढणाऱ्या मुलाशी दारूविषयी काय बोलावे, ह्याला अधिकच विवेक हवा.

ख्रिस्ती परंपरेला हा विचार नवा नाही. जे जाणणे आपले कर्तव्य आहे ते जाणण्याची हयगय करणे हा दोष होय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवितात. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली सेमिनरींची स्थापना करण्याचा आदेश दिला, त्यामागेही हीच जाणीव होती. आत्म्यांची काळजी घेणाऱ्याला नुसती भक्ती पुरत नाही, त्याची घडण व्हावी लागते. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याकडेही पुन्हा पाहावे. त्याला कळवळा आला, एवढ्यावर दाखला संपत नाही. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. म्हणजे काय करावे हे त्याला ठाऊक होते. मग त्याने जखमीला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन उतारशाळेच्या मालकावर सोपविले आणि परत येण्याचे वचन दिले. आपले काम कोठे संपते आणि दुसऱ्याचे कोठे सुरू होते, हे त्याने ओळखले. अप्रशिक्षित माया नेमकी येथे चुकते. ती सोडून द्यायला तयार नसते.

गुपिताचा प्रश्न त्याहून कठीण आहे. पापनिवेदनातील गुप्तता अभंग आहे. धर्मगुरूला तेथे पर्याय नाही. युवक-कार्यकर्त्याचे तसे नाही. पंधरा वर्षांचा मुलगा विश्वासाने काही सांगतो आणि म्हणतो, “घरी सांगू नका.” सांगितले तर विश्वास मोडतो; न सांगावे तर कदाचित जीव जातो. प्रशिक्षित कार्यकर्ता ह्या पेचात सापडण्यापूर्वीच मुलाला सांगून ठेवतो, की तुझ्या वा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प राहणार नाही. बाकीचे तुझ्या-माझ्यात राहील. त्या दोन वाक्यांत मुलाची प्रतिष्ठा राखली जाते. ती ऐनवेळी सुचत नाहीत.

ह्यावर कुणी म्हणेल, की प्रमाणपत्राने का माणूस घडतो? नाही घडत. आतून कोरडा असलेला प्रशिक्षित मनुष्य मुले लवकर ओळखतात. प्रेम वर्गात निर्माण होत नाही हे आम्हांलाही मान्य आहे. पण ज्याचे प्रेम खरे आहे तो आपल्या अज्ञानाचा भार मुलाच्या शिरावर ठेवणार नाही. तो शिकायला जाईल. आजारी लेकराची आई “माझी माया पुरे” म्हणून थांबत नाही, औषधाचे माप डॉक्टरांना विचारून घेते. तेव्हा तिची माया उणी होत नाही.

म्हणून धर्मग्राम परिषदांना आमची विनंती आहे. येत्या २६ जूनला फलक आणि मांडव ह्यांवर होणारा खर्च बाजूला ठेवावा. त्यातून युवा संघटनेतील दोघांना आणि एखाद्या समंजस मातेला प्रशिक्षणासाठी पाठवावे. ती परत आल्यावर त्यांचे ऐकावे. आमचे प्रवचन थांबवायला सांगितले, तरीही ऐकावे.