परमुलखातील काटकसर : व्रत की कार्पण्य?

कीर्तनाच्या निमित्ताने पारोळा, एरंडोल, अमळनेर या पट्ट्यात आमचे फिरणे नेहमीचेच. कीर्तन आटोपले, की माळकरी मंडळी जवळ येऊन बसतात आणि मग संसाराच्या गोष्टी निघतात. गेल्या काही वर्षांत एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. कोणी म्हणतो, "महाराज, पोरगा दुबईला कामाला आहे. एक वेळ जेवतो, दुसऱ्या वेळेला चहा-पावावर भागवतो, आणि उरलेला सगळा पगार घरी धाडतो. हे पुण्यच ना?" दुसरा म्हणतो, "आमचा पोरगा तिकडे स्वतःसाठी चार पैसे मागे टाकतो, सगळे पाठवीत नाही. तो आम्हांला विसरला काय?" प्रश्न दोन दिसतात, पण मूळ एकच आहे. परमुलखात राहून महिन्याच्या ठराविक पैशांत पोट आवळून राहणे हा धर्म आहे, की ते कार्पण्य आहे? आणि धर्म असेल तर तो कोठवर?

प्रथम शब्दांचा विचार करू, कारण शब्द सैल ठेवला की विचारही सैल राहतो. मितव्यय म्हणजे मोजून केलेला खर्च. त्यात खर्च आहेच, फक्त त्याला माप आहे. कार्पण्याची गोष्ट निराळी. 'कृपण' हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून 'कृपा' हा शब्द आला. म्हणजे कृपण तो, की ज्याच्याकडे पाहून दया यावी. गीतेतही हा शब्द येतो, तो कवडी-कवडी जपणाऱ्या वाण्याला उद्देशून नव्हे. फळावर डोळा ठेवून कर्म करणाऱ्याला उद्देशून येतो. तात्पर्य, कृपणता तिजोरीत नसते, ती दृष्टीत असते. दोन माणसे एकाच खोलीत राहतील, एकच डाळ-भात खातील. त्यांतला एक व्रतस्थ असेल आणि दुसरा कृपण असेल. बाहेरून फरक दिसणार नाही. तो ओळखण्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात : काटकसर कशासाठी? कोणाच्या पोटातून? आणि कोठवर?

पहिला प्रश्न, कशासाठी. येथे दोन थोरांची उदाहरणे घेऊ. महात्मा गांधी १८८८ साली विलायतेस गेले. पहिले काही महिने इंग्रजी थाटाच्या नादात गेले. पुढे त्यांनी वही धरली. गाडीचे भाडे, टपालाचे तिकीट, वर्तमानपत्राचे सुटे पैसे, सर्व काही टिपून रोज रात्री निजण्यापूर्वी मेळ बसवायचा, हा नेम केला. दोन खोल्या सोडून एक घेतली, शेगडी आणून सकाळची लापशी स्वतः शिजवू लागले, पायी चालू लागले, आणि दिवसाचा जेवणखर्च एक शिलिंग तीन पेन्सांवर आणला. आत्मकथेत ते सांगतात ते असे, की या साधेपणाने जीव कष्टी झाला नाही, उलट आतले आणि बाहेरचे जीवन एकमेकांशी जुळले. घरच्या ऐपतीशी आपले राहणे जुळले, म्हणजे ते सत्याला धरून झाले.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड. तीतच स्वतःचे भागवायचे आणि त्यातूनच घरीही धाडायचे. पुढे १९२० मध्ये ते लंडनला गेले ते मुंबईस सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या स्नेह्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्यावर. तेथे ते अर्धपोटी राहिले आणि दिवसचे दिवस ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून काढले. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. ताटाला कात्री लावणाऱ्या या पुरुषाने पुस्तकांना कात्री लावली नाही. अमेरिकेतल्या मुक्कामात त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे दोन हजार ग्रंथ विकत घेतले. जेथे हेतू होता तेथे हात सैल, जेथे हेतू नव्हता तेथे हात आखडता. यालाच आम्ही मितव्यय म्हणतो. आणि हेही विसरू नका, की त्याच काळात मुंबईस रमाबाई अत्यंत ओढग्रस्तीत संसार रेटीत होत्या. काटकसर एका टोकाला नव्हती, दोन्ही टोकांना होती.

हे झाले विद्यार्थ्यांचे. आता घामावर जगणाऱ्यांकडे वळू. इंग्रजी अमदानीत मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर जी गिरमिटिया माणसे गेली, त्यांत आपल्या कोकणातलीही पुष्कळ होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' जहाजातून पोर्ट लुई बंदरात आलेल्या मजुरांपासून ती कहाणी सुरू होते. ज्या धक्क्यावर अशी माणसे उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशात गणला जातो. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. आणि कायदा असा, की एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापायची! म्हणजे मजूर तापाने फणफणला, तरी त्याच्या महिन्याच्या हिशेबात तो दंड. अशाही स्थितीत कित्येकांनी पै-पै मागे टाकली, काहींनी पुढे तेथेच जमिनीचे तुकडे घेतले. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून नांदतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुटी असते. पण या काटकसरीचे आम्ही नुसते गुणगान करणार नाही. माणूस मनाने थोडे खातो तेव्हा ते तप होते. दुसरा त्याला थोडे खावयास लावतो तेव्हा तो अन्याय होतो. अन्यायाला तपाचे नाव देऊन त्याची पूजा करणे, हे मोठे पाप आहे.

येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो : कोणाच्या पोटातून? आपण उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, आपल्या भागातला एक तरुण दुबईला आहे, राहण्याची जागा कंपनीची आहे, आणि पगार महिना १,५०० दिरहम आहे. त्याने जेवणाला ४०० ठेवले. फोन, साबण, केस कापणे यांना १००. आजारपण आणि परतीच्या तिकिटासाठी १५० मागे टाकले. उरलेले ८५० घरी पाठवले. हा हिशेब सरळ आहे, यात कोणाचे तोंड बांधलेले नाही. आता त्याने ठरवले, की जेवण २५० वर आणायचे. दीडशे दिरहम वाचले. दिरहमाला तेवीस रुपये धरले, तर सुमारे साडेतीन हजार रुपये घरी अधिक आले. घर आनंदले. पण बरं का, हे साडेतीन हजार गेले कोठे, ते पाहा. जाताना दलालाला द्यायला सावकाराकडून एक लाख रुपये काढलेले होते, शेकडा तीन रुपये दरमहाने. त्याचे व्याजच महिना तीन हजार! म्हणजे पोरगा महिनाभर उपाशी राहिला तो आईबापांसाठी नव्हे, सावकारासाठी राहिला. मुद्दल जागच्या जागी.

म्हणून आम्ही सांगतो, की परदेशची खरी काटकसर विमानात बसण्याआधी करायची असते. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालच्या नियमांप्रमाणे नोंदलेल्या दलालाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, याहून अधिक घेता येत नाही. जो जास्त मागतो आणि पावती देत नाही, त्याच्या दारात उभे राहू नये. मजूर म्हणून जाणाऱ्यांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, आणि अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाखांचे संरक्षण. येथे काटकसर करणारा शहाणा नव्हे. पैसे पाठवतानाही तेच. दर आठवड्याला थोडे थोडे पाठवले की प्रत्येक खेपेला फी जाते. महिन्यातून एकदा पाठवले तर तीच फी वाचते. जगभरचा हिशेब काढला तर घरी पैसे धाडण्याचा खर्च सरासरीने शेकडा सहाच्या वर जातो. तो २०३० पर्यंत शेकडा तीनच्या खाली आणावा, असे संयुक्त राष्ट्रसंघाने ठरवले आहे. घासातून वाचवण्याआधी या गळत्या बुजवाव्या. हंडी गळकी असताना पाणी कमी प्यावे, असे कोणी सांगते काय?

आणि पाण्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आखाती देशांत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करवून घेण्यास मनाई आहे, ती उगाच नव्हे. अशा उन्हात पाणी, जेवण आणि औषध यांत काटछाट करणाऱ्याचे मूत्रपिंड आणि रक्त त्याचा वचपा काढतात. चार वर्षे वाचवलेले मग चार महिन्यांत दवाखान्यात जाते. ज्या देहाने कमवायचे तोच मोडला, तर हिशेबाची वही कोणी लिहायची?

कोणी म्हणेल, "महाराज, तुम्हीच तर उपवास सांगता. देह नाशवंत सांगता. मग पोराने उपास काढला तर बिघडले कोठे?" शंका रास्त आहे. उत्तर आपल्याच नेमात आहे. एकादशीला उपवास असतो, पण द्वादशीला पारणे असते. पारणे चुकवले तर व्रत पुरे होत नाही. ज्या उपवासाला पारण्याचा दिवस ठरलेला नाही, ते व्रत नव्हे, ती उपासमार. वारीतही पाहा. दिंडीत जाणारा मोजकेच सामान घेतो, भिशी भरतो, मिळेल तेथे पाठ टेकतो. पण दिंडीत कोणी उपाशी चालावे, असा नियम कोणत्याही फडाने केलेला नाही. चालायचे आहे म्हणूनच पंगत वेळेवर बसते. थोडक्यात भागवणे आणि उपाशी राहणे यांतले अंतर वारकऱ्याला सांगावे लागत नाही.

येथे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते : कोठवर? तर पारण्याचा दिवस ठरवून. जाण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून ठरवावे, की इतकी वर्षे, इतकी रक्कम, या कामासाठी : कर्ज फेडणे, विहीर, घराचे छप्पर, बहिणीचे शिक्षण. तेवढे झाले की हात सैल सोडावा, किंवा परत यावे. ज्याला शेवट नाही ती काटकसर सवय बनते, सवयीचा स्वभाव होतो, आणि मग पैसा असूनही माणसाला खाववत नाही. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशी दशा येते. तीच ती कृपणता, आणि ती व्रताच्याच दाराने आत शिरते.

आता घरी राहिलेल्यांशी दोन शब्द, कारण हे मासिक तेच वाचणार. रिझर्व बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ या वर्षी परदेशातून आपल्या देशात ११८.७ अब्ज डॉलर आले, आणि त्यांत सर्व राज्यांत पहिला वाटा, सुमारे पाचवा हिस्सा, महाराष्ट्राचा होता. आकडा मोठा आहे, भूषणाचाही आहे. त्यात मोठ्या पगारांचा पैसा आहे, तसाच एका खोलीत आठ-आठ जण राहून वाचवलेलाही आहे. असा पैसा घरी आला, की कागदावर तो नुसता आकडा दिसतो. त्यावर घामाचा डाग दिसत नाही. मग लग्नात मांडव वाढतो, वाजंत्री वाढते, गाडी हप्त्याने येते. हुंडा घेणे-देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी 'परदेशचा पैसा आहे' म्हणून मागणाऱ्याची जीभ सैल सुटते. तिकडे मुलगा व्रत करतो आणि इकडे घर पारणे फेडते, हा कोणता धर्म? एकाने मोजून खायचे आणि दहांनी न मोजता खर्चायचे, याला कुटुंब म्हणत नाहीत.

आमच्या पारोळ्याला आगगाडी नाही. येथली माणसे अमळनेरला जाऊन गाडी धरतात आणि सुरतेस उतरतात. तेथल्या उधना-लिंबायतच्या वस्त्यांत हजारो खानदेशी लोक कापडाच्या कामावर आहेत. त्यांच्यासाठी सुरत हाच परमुलूख. तेथून आलेल्या मुलाला एका माउलीने विचारलेले आम्ही ऐकले, "भाऊ, पैसा धाडस, पन पोटभर जेवस का?" या एका प्रश्नात आमचे सारे निरूपण आले. तिने पैसा नाकारला नाही, त्याची गरज लपवली नाही. पण आधी ताट पाहिले.

म्हणून ज्याचा मुलगा, भाऊ वा धनी बाहेर आहे, त्याने घरी एक वही घालावी. आलेला पैसा डाव्या पानावर, गेलेला उजव्या पानावर, आणि महिन्याअखेरीस ती पाने त्याला वाचून दाखवावी. त्याने तिकडची वही वाचावी, तुम्ही इकडची वाचा. आणि पोरगा स्वतःसाठी चार पैसे मागे टाकतो म्हणून ज्यांचे मन खट्टू झाले, त्यांना आमचे सांगणे एवढेच, की ते चार पैसे त्याच्या परतीच्या वाटेचे आहेत. ते मोडून धाडायला सांगाल, तर पैसा घरी येईल आणि माणूस तिकडेच अडकेल. आषाढीला दिंडी निघण्यापूर्वी घरोघर हा हिशेब एकदा बसावा, एवढी आमची सर्वांस विनंती आहे.