एका न झालेल्या सहलीचा हिशेब

पैसा खर्च झाला की मराठी माणूस दोन दिवस हळहळतो आणि विसरतो. चोरीला गेला तर दोन वर्षं हळहळतो, पण तेही विसरतो. मात्र जो पैसा खर्चही झालेला नाही, चोरीलाही गेलेला नाही आणि तरीसुद्धा आपल्या खिशात नाही, त्याचं दुःख कसं करायचं, याची काही रीत आपल्याकडे पडलेली नाही. वारकऱ्यांचं त्या बाबतीत बरं असतं. वारीला आगाऊ रक्कम भरावी लागत नाही. २०२० च्या आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एस.टी.त बसून पंढरपूरला गेल्या, लाखो लोकांची वारी चुकली. पण एकानंही पांडुरंगाला ‘सबब आमची रक्कम परत करावी’ असं पत्र धाडल्याचं ऐकिवात नाही.

आम्ही मात्र दार्जिलिंगला जाणार होतो.

दार्जिलिंग आणि गंगटोक, नऊ दिवस, १० मे २०२० पासून. जानेवारीतच एका प्रवासी कंपनीच्या थंडगार कचेरीत बसून, भिंतीवरच्या कांचनगंगेकडे बघत, चहा घेत आम्ही चाळीस हजार रुपये भरले होते. जुनी माणसं अशा पैशाला विसार म्हणत. हा शब्द विसरण्यावरून आला असावा अशी मला तेव्हापासून दाट शंका आहे. भाषापंडितांनी उगाच रागावू नये. त्यांनी आधी कुठल्या तरी कंपनीकडे चाळीस हजार भरून बघावेत.

पुढं काय झालं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. २२ मार्चला आम्ही गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या आणि २४ ला रात्री आठ वाजता कळलं, की मध्यरात्रीपासून देशच बंद. मी दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, “काका, मे अजून लांब आहे. आपण पॉझिटिव्ह राहू या.” त्या दिवसांत हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. मी घाईघाईनं फोन ठेवला आणि उगाचच हात धुऊन आलो.

एप्रिलच्या शेवटी कंपनीचा संदेश आला. तुमची सहल रद्द झालेली नाही, फक्त पुढं गेली आहे. तुमची स्वप्नं आम्ही जपून ठेवली आहेत. सोबत चाळीस हजारांची क्रेडिट नोट. आमची ही म्हणाली, “स्वप्नं ठेवा म्हणावं खुशाल. पैसे द्या.” मी पुन्हा फोन केला. मुलगा म्हणाला, “काका, फोर्स मेजर लागू झालाय.” मला वाटलं, कंपनीनं हिशेबाच्या खात्यावर एखादा निवृत्त लष्करी अधिकारी नेमला असावा. मी त्या मेजरसाहेबांनाच फोन द्यायला सांगितलं.

आमच्या शेजारी एक वकीलसाहेब राहतात. त्यांनी हा घोटाळा निस्तरला. फोर्स मेजर ही फ्रेंच भाषेतली चीज आहे. माणसाच्या आवाक्याबाहेरचं संकट आलं, तर करार न पाळल्याचा दोष कुणाला लागत नाही, असा तिचा मथितार्थ. थोडक्यात, आपलं अस्मानी-सुलतानी. मला हे एकदम पटलं. रोग अस्मानी, बंदी सुलतानी. दोष कंपनीचाही नाही आणि माझाही नाही. पण मग चाळीस हजार रुपये तेवढे कंपनीकडे का, हे त्या फ्रेंच शब्दांतून काही केल्या निघेना.

न्याय म्हणून सांगायला हवं, की सगळ्यांनी असं केलं नाही. आपल्या रेल्वेनं गाड्या थांबवल्या आणि पैसे सरळ परत केले. संगणकावर काढलेल्या तिकिटांचे आपोआप खात्यात आले. खिडकीवर काढलेल्यांसाठी मुदत तीन महिने दिली, मग सहा केली, मग नऊ. नऊ महिन्यांत निसर्ग आख्खं मूल हातात देतो, तेव्हा रेल्वेनं तिकिटाचे पैसे द्यावेत हे रास्तच. विमानवाल्यांनी मात्र पैशाऐवजी ‘क्रेडिट शेल’ नावाची वस्तू काढली. शेल म्हणजे कवच, शिंपला किंवा शंख. यांतला शंख हाच अर्थ बरोबर असावा, कारण पैशाऐवजी तो मिळाल्यावर माणूस तेवढंच करू शकतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १ ऑक्टोबर २०२० ला निकाल लागला, की पैसे परत करा; कंपनी अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत शेल चालेल, तो दुसऱ्याला देता येईल, आणि त्याची किंमत जून २०२० पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढं पाऊण टक्का वाढत जाईल. म्हणजे दहा हजारांचा शंख आधी महिन्याला पन्नास रुपयांनी आणि मग पंचाहत्तर रुपयांनी मोठा होणार. तिकीट एजंटामार्फत काढलं असेल तर पैसे एजंटाकडे जातील आणि त्यानं ते ताबडतोब प्रवाशाला द्यावेत, असंही न्यायालयानं सांगितलं. आमचं बागडोगऱ्याचं तिकीट कंपनीमार्फतच होतं. तात्पर्य, शंख कंपनीकडे आणि तो करायला आम्ही.

वकीलसाहेबांना मात्र माझ्या दुःखापेक्षा त्यातल्या तत्त्वात गोडी. मास्क नाकाखाली ओढून जिन्यातच त्यांनी मला सातव्या एडवर्डची गोष्ट सांगितली. २६ जून १९०२ ला या राजाला राज्याभिषेक व्हायचा होता. मिरवणूक बघायला लंडनच्या लोकांनी रस्त्यावरच्या खोल्या दोन-दोन दिवसांसाठी भाड्यानं घेतल्या. आणि ऐन वेळी राजाचं आंत्रपुच्छ सुजलं! २४ तारखेला शस्त्रक्रिया झाली, सोहळा पुढं ढकलला गेला. (तो ९ ऑगस्टला झाला, राजा खडखडीत बरा होता, आजारी पडले ते भाडेकरू.) हेन्री नावाच्या एकानं क्रेल नावाच्या माणसाच्या खोल्या पंचाहत्तर पौंडांना ठरवून पंचवीस दिले होते. कोर्ट म्हणालं, उरलेले पन्नास द्यायची गरज नाही. दुसऱ्या एका गृहस्थानं अशीच खोली एकशे एक्केचाळीस पौंड पंधरा शिलिंगांना घेऊन शंभर भरले होते. त्याला कोर्ट म्हणालं, शंभर तर मिळणार नाहीतच, पण सोहळा बारगळण्याआधीच सगळी रक्कम देणं होतं, तेव्हा उरलेलीही भरून टाक! पैसे ज्याच्या हातात असतील त्याच्याच हातात राहू द्यायचे, असा हा न्याय. लहान मुलांच्या खेळात गाणं थांबलं की जो जिथं असेल तिथं, तसा. हा न्याय मोडून काढायला इंग्लंडात १९४२ साल उजाडावं लागलं. आणि गंमत अशी, की त्याच इंग्रजांनी १८७२ साली आपल्यासाठी जो करार कायदा केला, त्याच्या ६५ व्या कलमात आधीच लिहून ठेवलंय, की करार निरर्थक ठरला तर त्यापोटी ज्याला लाभ झाला असेल त्यानं तो परत करावा. घरच्या मुलांना धपाटे घालायचे आणि शेजारच्या मुलांशी न्यायानं वागायचं, अशी काही माणसं असतात.

मी हर्षभरित झालो. काम नाही तर दाम नाही! पण वकील हा प्राणी आपल्या बाजूनं बोलला, की पुढच्या वाक्याला सावध राहावं. ते म्हणाले, “तुमच्या मावशींचं काय केलंत?”

मावशी म्हणजे आमच्याकडे केर-फरशी आणि भांड्यांना येणाऱ्या मावशी. सोसायटीनं मार्चपासून फाटक बंद केलेलं. त्यांना काम करायचं होतं, आम्हाला करून घ्यायचं होतं, मध्ये वॉचमन काठी घेऊन उभा. तेही अस्मानी-सुलतानीच. आमच्या हिनं पहिल्याच महिन्यात त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर पूर्ण अडीच हजार पाठवले होते आणि पुढंही पाठवत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या एकांनी पगार कापला, तर ही त्यांच्याशी आठवडाभर बोलली नव्हती.

“म्हणजे एका घरात दोन कायदे,” वकीलसाहेब म्हणाले. “कंपनीला सांगता, काम नाही तर दाम नाही. मावशींना सांगता, काम नाही तरी दाम आहे.”

मी म्हटलं, मावशी गरीब आहेत, कंपनी श्रीमंत आहे. पण उत्तर देतानाच ते लंगडं आहे हे माझ्या लक्षात आलं. कारण चौथ्या फोनला तो कंपनीतला मुलगा हळूच म्हणाला होता, “काका, आम्हाला एप्रिलपासून अर्धाच पगार आहे.” तेव्हापासून माझा आवाज त्याच्यावर चढेनासा झाला होता. बसमध्ये पुढं उभा राहून अंताक्षरी घेणारी, आजोबांच्या गुडघ्याला मलम शोधून आणणारी त्याच्यासारखीच कितीतरी पोरं घरी बसली होती. माझे चाळीस हजार कंपनीच्या तिजोरीत नोटांच्या रूपानं पडून होते असंही नाही. त्यातले काही गंगटोकच्या हॉटेलवाल्याकडे गेले असणार, त्यानं हंगामाआधी रंगरंगोटी केली असणार, रंगवाल्यानं घरी किराणा भरला असणार. कर्ज काढून जीप घेतलेला तिकडचा ड्रायव्हर तर माझ्यासारख्यांचीच वाट बघत असणार. सगळ्यांनी एकाच दिवशी आपापला धागा ओढला, तर कुणालाच चादर राहणार नाही. एवढं मलाही कळत होतं. थांबायला माझी ना नव्हती. मग मला राग कशाचा येत होता?

दोन-तीन रात्री मी यावर घालवल्या. (तेव्हा वेळेला तोटा नव्हता.) माझ्या पेन्शनीत चाळीस हजारांवाचून चूल बंद पडणार नव्हती. पण ‘तुम्हाला काय कमी आहे’ हा युक्तिवाद पाकीटमारालाही करता येतो. मावशींना आम्ही जे दिलं ते आम्ही दिलं. द्यायचं की नाही हे ठरवणं आमच्या हातात होतं, म्हणून तर दुसऱ्या मजल्यावरच्यांना नावं ठेवता आली. कंपनीनं माझ्याकडून उसने घेतले, पण मला न विचारता. आणि वर माझ्या औदार्याबद्दल माझे आभार मानले. मागायचा हक्क असेल त्यालाच सोडून द्यायचं पुण्य मिळतं. त्या क्रेडिट नोटेनं माझे पैसे अडकवले त्याचं एवढं नाही, पण माझं पुण्यसुद्धा परस्पर वापरून टाकलं होतं. वकीलसाहेबांना हे सांगितलं, तर म्हणाले, याला कलम नाही.

कलम नसेल, पण अक्काला ते माहीत होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, राहते पलीकडच्या गल्लीत. भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून पाव तास वाद घालणारी बाई. आमच्याकडचा एक जण दरवर्षी बस काढून लोकांना अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर करून आणतो. अक्कानं एप्रिलच्या यात्रेचे साडेचार हजार त्याला दिलेले. जूनमध्ये फाटक किलकिलं झाल्यावर हा माणूस तोंडाला रुमाल बांधून खाली येऊन उभा राहिला. हातात डायरी. म्हणाला, “अक्का, बसवाल्याला दिलेले अडकलेत. धर्मशाळेचे सुटतील असं वाटतंय. आज दोन हजार आणलेत. बाकीच्यांना दिवाळीपर्यंत थांबाल का? नाही म्हणालात तर काहीतरी करतो.” अक्का म्हणाली, “थांबते की. आणि यातले पाचशे तुझ्या ड्रायव्हरला दे.” त्यानं डायरीत लिहून घेतलं : अक्का, देणे तीन हजार. अक्कानं खोडायला लावलं. पाचशे ड्रायव्हरला तिनं दिले होते, यानं नव्हे, म्हणून देणे अडीच हजारच. दोघांत यावरून जे भांडण झालं ते पाहून सोसायटीचा वॉचमन आत निघून गेला.

“तू घासाघीस करणारी बाई,” मी तिला म्हटलं, “इथं कशी विरघळलीस?”

“त्यानं विचारलं रे,” अक्का म्हणाली.

आमच्या कंपनीचं प्रकरण पुढं बरंच चाललं. वकीलसाहेबांनी पत्र लिहून दिलं. नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झालाय, आता ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आम्ही ठाण्यात राहतो आणि आम्हाला भरपूर वेळ आहे, असं त्यात सभ्य भाषेत होतं. जुलै २०२१ मध्ये सदतीस हजार रुपये आले. तीन हजार ‘हाताळणी खर्च’ म्हणून कापले होते. अठरा महिने त्यांनी माझे पैसे हाताळले, त्याची ही मजुरी. मी त्या मुलाला विचारावं म्हणून फोन केला, तर तो नोकरी सोडून गेला होता.

अक्काचा माणूस मात्र दिवाळीला दीड हजार देऊन गेला, उरलेले हजार पुढच्या पाडव्याला घेऊन आला. अक्कानं ते हातात घेतले, मोजले आणि परत त्याच्या हातात ठेवले. “पुढच्या यात्रेला धर,” म्हणाली. “आणि खिडकीची जागा हवी मला. मागच्या चाकावरची नको, कंबर धरते.”

“अक्का, ही तर क्रेडिट नोटच झाली!” आमची ही म्हणाली.

“ती काय असते?” अक्कानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डायरीत जागेचा नंबर लिहिलाय की नाही ते बघायला चष्मा शोधू लागली.