गिअर कोणी बदलावा?

हैदराबादेस केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या माझ्या भाच्याचे २०२४ च्या पावसाळ्यात एक पत्र आले. पत्र कसले, मोबाईलवर लिहिलेला लांबलचक मजकूरच तो. त्याला गाडी घ्यावयाची होती. ह्युंदाईची ‘आय-२० एन लाइन’ ही जरा चपळ, जरा खेळकर प्रकृतीची गाडी त्याच्या मनात भरली होती. रंग ठरला होता, पैशांची तजवीज झाली होती. अडले होते ते एकाच ठिकाणी. तीच गाडी दोन प्रकारांत मिळत होती. एकीत सहा गिअर, ते आपल्या हाताने बदलावयाचे. दुसरीत सात, ते आपोआप बदलणारे. “मामा, दुकानदार म्हणतो ऑटोमॅटिक घ्या, मित्र म्हणतात, मॅन्युअल घे, नाहीतर असली गाडी घेऊच नकोस. तुम्ही जन्मभर निर्णय दिलेत, हाही द्या,” असे त्याने लिहिले होते.

जन्मभर निर्णय दिले हे खरे. परंतु निर्णय देणाऱ्या या गृहस्थाची गाडी मात्र जवळजवळ तीस वर्षे दुसराच कोणी चालवीत होता. सरकारी अँबॅसडरच्या मागच्या आसनावर, मांडीवर फाइल घेऊन, मी किती गावे ओलांडली याची गणतीच नाही. स्वभूमीपासून दूर नोकरी केलेल्या आपणांपैकी पुष्कळांची हीच कथा असेल. तेव्हा गिअर कोणी बदलावा, या प्रश्नावर बोलण्याचा आपला अधिकार बेताचाच. तथापि प्रश्न दिसतो तितका लहान नाही, असे मला त्यावर विचार करता करता वाटू लागले.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पेट्रोलचे इंजिन फेऱ्यांच्या एका ठराविक टप्प्यातच नीट जोर देते. उभी गाडी हलविण्यास एक प्रमाण लागते, वेगाने धावण्यास दुसरे. ते प्रमाण बदलणे हे गिअरचे काम. आरंभी ते मोठे जिकिरीचे होते. दातांशी दात जुळले नाहीत तर कर्कश खरखर होई, म्हणून क्लच दोनदा दाबून, मध्ये अॅक्सिलरेटरवर पाय देऊन वेग जुळवावा लागे. १९२८ साली कॅडिलॅक कंपनीने तो वेग आतल्या आत जुळवून देणारी योजना आणली, आणि तेव्हापासून ही कसरत हळूहळू मागे पडली. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत तर ‘हायड्रामॅटिक’ नावाची पूर्ण स्वयंचलित व्यवस्था आली व क्लचचे पायटेच नाहीसे झाले.

तरीही पुढे कित्येक वर्षे रसिक चालकांची बाजू भक्कम होती. स्वयंचलित गिअर आळशी असे. ज्याला वेग हवा त्याने हातानेच गिअर बदलावा, असा सरळ हिशेब होता. हा हिशेब शर्यतीच्या मैदानावर मोडला. १९८९ साली ब्राझीलच्या स्पर्धेत नायजेल मॅन्सेलने फेरारी गाडी जिंकविली. तीत गिअर बदलण्यासाठी सुकाणूच्या चाकामागे नुसत्या पट्ट्या होत्या, बाकीचे काम यंत्र करी. २००३ साली फोक्सवॅगनने दोन क्लचांची गिअरबॉक्स सर्वसाधारण विक्रीच्या गाडीत बसविली. एक क्लच चालू गिअर सांभाळतो, दुसऱ्यावर पुढचा गिअर आधीच तयार असतो. निमिषार्धात बदल होतो. माणसाचा हात कितीही सराईत असो, तो येथे हरला.

आता गंमत पाहा. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने २०१३ साली आपली ‘९११ जीटी-३’ ही जातिवंत गाडी नव्या रूपात आणली, तेव्हा तीत हाताचा गिअर ठेवलाच नाही. तर्क बिनतोड होता : वेगासाठीच जी गाडी घ्यावयाची तीत मंद साधन कशाला? परंतु चाहते हळहळले. २०१६ साली कंपनीने केवळ हाताच्या गिअरची ‘९११ आर’ काढली. तिच्या अवघ्या ९९१ प्रती निघाल्या आणि लवकरच त्या मूळ किमतीच्या कितीतरी पट किमतीला विकल्या जाऊ लागल्या. २०१७ साली जीटी-३ मध्येही हाताचा गिअर परत आला. कंपनीचेच आकडे असे की, शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत पोहोचण्यास स्वयंचलित गाडीस ३.४ सेकंद लागत, हाताच्या गिअरच्या गाडीस ३.९. म्हणजे अर्धा सेकंद हरण्यासाठी माणसे रांग लावून उभी होती!

याला वेड म्हणून सोडून देता येईल. परंतु या वेडात काही पद्धत आहे. गिअर बदलण्याच्या कृतीचे तीन भाग पडतात. केव्हा बदलावा हा निर्णय. कसा बदलावा ही कृती. आणि चुकल्यास जे भोगावे लागते तो परिणाम. पूर्ण स्वयंचलित गाडी पहिले दोन्ही भाग आपल्याकडे घेते. चाकामागच्या पट्ट्या निर्णय आपल्याकडे ठेवतात. पण तो घातक असेल तर यंत्र तो निमूटपणे नाकारते. हाताच्या गिअरमध्ये मात्र चुकण्याची मुभा शाबूत असते. चढावर क्लच लवकर सोडला तर गाडी बंद पडेल, भरवेगात भलताच खालचा गिअर टाकला तर इंजिनाची धूळधाण होईल. पंचमढीच्या घाटातून उतरताना वळणापूर्वी योग्य गिअर पडला की जो आनंद होतो, तो त्या मुभेतून येतो. तो बरोबर पडला याला अर्थ आहे, कारण तो चुकीचाही पडू शकला असता.

कचेरीतला आपला अनुभव याहून वेगळा आहे काय? खालून टिपण येते, त्याखाली मसुदा तयार असतो, आपण सही करतो. काम बिनचूक होते, बहुधा आपण स्वतः लिहिले असते त्याहून चांगले होते. पण सायंकाळी घरी परतताना, आज आपण काय केले, असे मनाशी विचारले तर उत्तर सुचत नाही. याउलट एखाद्या दिवशी सारा कागद स्वतः वाचून, स्वतःच्या हाताने, चुकण्याची जोखीम पत्करून लिहिलेला एकच आदेश वर्षानुवर्षे आठवतो. अॅरिस्टॉटलने दोन प्रकारच्या व्यापारांत भेद केला आहे : एकाचे साध्य त्याच्या बाहेर असते, जसे घर बांधणाऱ्याचे घर, दुसऱ्याचे साध्य त्या आचरणातच असते. कामावर पोहोचण्यासाठी गाडी चालविणे हे पहिल्या प्रकारात पडते. खेळकर गाडी माणूस दुसऱ्या प्रकारासाठी घेतो. तेव्हा जिचा हेतूच चालविणे हा आहे, तीत चालविण्याचे श्रम वाचविणे हे थोडे विसंगतच. आपले जेवण दुसऱ्याने जेवून आपले कष्ट वाचविण्यासारखे.

येथपर्यंत विचार आला आणि भाच्याला ‘मॅन्युअल घे’ असे मी कळविणारच होतो. तोच मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि हात थांबला.

तीस-एक वर्षांपूर्वी आमच्याकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी होती. तिचा गिअरचा दांडा सुकाणूच्या खाली, आडवा. एका रविवारी, मोकळ्या मैदानावर, मी पत्नीला गाडी शिकवावयास बसलो. तीन वेळा गाडी बंद पडली. चौथ्या वेळी, आजूबाजूची मुले पाहत असता, मी म्हणालो, “हे तुझ्याच्याने व्हायचे नाही.” ती काही बोलली नाही. किल्ली माझ्या हातात दिली आणि पुढे वीस वर्षे तिने गाडीचे नाव काढले नाही.

२०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे स्वस्त स्वयंचलित गाड्यांचा मार्ग खुला झाला. गिअरबॉक्स हाताच्या गाडीचीच. क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलविणारा हात तेवढा यंत्राचा. पुढच्या वर्षी निवृत्त झाल्यावर मी तसली एक गाडी घेतली. पत्नी त्या वेळी छप्पन्न वर्षांची. मला न विचारता तिने एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले आणि तीन आठवड्यांत ती गाडी चालवू लागली. २०१९ साली माझ्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दीड महिना तीच मला सर्वत्र नेत-आणत होती. एके दिवशी मी तिची तारीफ केली. रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “अहो, मला भीती गाडीची कधी नव्हतीच.”

यंत्रावर टीका करणाऱ्यांचा एक फार जुना दाखला सांगतात. च्वांग-त्झू या चिनी तत्त्वज्ञाच्या ग्रंथात एक म्हातारा माळी घागरीने पाणी आणून शेत शिंपीत असतो. वाटसरू त्याला पाणी उपसण्याची तरफ सुचवितो. माळी म्हणतो, ती मला ठाऊक आहे. पण यंत्र वापरू लागले की मनही यंत्रासारखे होते, म्हणून मला तिची लाज वाटते. हा माळी मला फार आवडे. आता वाटते, घागर त्याची होती व खांदाही त्याचाच, म्हणून त्याला हे बोलणे शोभले. शेजारणीच्या डोक्यावर घागर देऊन तो हेच बोलला असता, तर? याउलट यंत्रांविषयी साशंक असलेल्या महात्मा गांधींनीही शिवणयंत्राला अपवाद केला होता. पत्नीचे कष्ट पाहून कळवळलेल्या माणसाने ते घडविले, असे ते सांगत. ज्या सोयीच्या मुळाशी दुसऱ्याविषयीची कणव आहे, तिला हिणविण्याचा अधिकार कोणालाच नाही.

म्हणजे चूक हाताच्या गिअरमध्ये नव्हती. मी माझ्या कसबाचा आनंद न मानता त्याचे मोजमाप केले व ते दुसऱ्याला लावले, ही चूक. कसबाचा अभिमान असा नकळत दारावरचा पहारेकरी होतो. पहारेकऱ्याची जागाही कोठे स्थिर असते? दोनदा क्लच दाबणाऱ्या जुन्या ड्रायव्हरांना आमचा पद्मिनीचा गिअर लेचापेचा वाटला असेल. २०२३ साली ह्युंदाईनेच ‘आयॉनिक-५ एन’ ही विजेची गाडी काढली. तीत बदलावयाचे गिअर मुळातच नाहीत, तरी हौशी चालकासाठी ती आठ गिअरांचे धक्के आणि आवाज हुबेहूब निर्माण करते. कोणी तीही आनंदाने चालवील. जाणूनबुजून मांडलेल्या खेळाला फसवणूक म्हणता येत नाही. मात्र स्वतःपुरते मला वाटते की, ज्या चुकीला रस्ता शिक्षा करतो तिच्यातूनच मी अधिक शिकेन.

अखेर भाच्याला मी लिहिले : “गाडी तुझ्याबरोबर आणखी कोण चालविणार, ते पाहा. सूनबाईंना आधी विचार. त्यांना क्लच नको असेल तर प्रश्न मिटला. ऑटोमॅटिक घे आणि मनात खंत ठेवू नकोस. त्यांची हरकत नसेल तर मॅन्युअल घे. पण हैदराबादच्या गर्दीत पाय दुखला तर तक्रार करू नकोस, आणि शेजारची ऑटोमॅटिक गाडी पाहून हसू नकोस. तो तुझा आनंद आहे, सद्गुण नव्हे.”

दोन दिवसांनी उत्तर आले : “तिला विचारले. म्हणाली, मॅन्युअलच घेऊ. पण गाडी ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकणार, माझ्याकडे नाही. मामींचे आणि तिचे आधीच बोलणे झाले होते म्हणे.”

मी ते पत्नीला वाचून दाखविले. “बरे झाले,” एवढेच ती म्हणाली, आणि मंडईत जाण्यासाठी तिने गाडीची किल्ली उचलली.