दोन सेकंदांचा मालक

जॉर्ज क्लिंटन मला आधी कपड्यांमुळे आवडला. रंगीबेरंगी वेण्या, कधी अंगाला नुसती चादर, आणि १९७६पासून रंगमंचावर धुरात उतरणारं चक्क एक अवकाशयान, त्यातून डुलत बाहेर येणारा हा माणूस. त्याआधी तो न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डमध्ये लोकांचे केस कापायचा.

पार्लमेंट आणि फंकाडेलिक हे त्याचे दोन बँड. माणसं बरीचशी तीच. १९६७च्या पहिल्या हिटनंतर 'पार्लमेंट्स' या नावावरून कायदेशीर भांडण झालं, तेव्हा त्याने त्याच मंडळींना नवं नाव देऊन दुसऱ्या कंपनीकडे उभं केलं. कीबोर्डवर बर्नी वॉरेल, गिटारवर एडी हेझल, पुढे बेसवर बूट्सी कॉलिन्स. क्लिंटनचं काम या सगळ्यांना एकत्र ठेवायचं आणि पुढे उभं राहायचं. ते सोपं नव्हतं. पण १९७७ मध्ये सुरुवातीपासूनचे तीन गायक पैशांच्या वादातून बाहेर पडले, हेही खरंच.

मला मात्र छळते ती दोन सेकंदांची गोष्ट. फंकाडेलिकच्या १९७५च्या 'गेट ऑफ युअर अ‍ॅस अँड जॅम' या गाण्यात सुरुवातीला गिटार आहे. त्यातला दोन सेकंदांचा तुकडा एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाने उचलला, सूर खाली आणून पुन्हापुन्हा फिरवला. ते गाणं १९९८ मध्ये एका चित्रपटात आलं आणि खटला उभा राहिला. दावा क्लिंटनचा नव्हता, हक्क बाळगून असलेल्या कंपन्यांचा होता. २००५ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने सांगितलं की परवाना घ्या, नाहीतर सँपल करू नका. तुकडा किती छोटा, याला महत्त्व नाही. क्लिंटनने स्वतः १९९३ मध्ये, इतरांनी सँपल करावेत म्हणून तुकड्यांचा संग्रह काढला होता!

आणि ती गिटार वाजवली कोणी? क्लिंटनच्या हवाल्याने सांगितली जाणारी आठवण अशी की स्टुडिओत एक अनोळखी, व्यसनी गिटारवादक आला, थोड्या डॉलरच्या बदल्यात वाजवून गेला आणि पुन्हा सापडला नाही. खटल्यात कंपन्या होत्या, वकील होते, चित्रपटवाले होते. ज्याची बोटं होती तो नव्हता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये एक मुलगा कंत्राटावर होता. पेमेंट अडकलं की ते पुन्हा पाठवणारा भाग त्याने तीन आठवडे खपून लिहिला. रिलीजच्या रात्री मी त्याचे चाळीसेक कमिट एकत्र करून माझ्या मशीनवरून एकच कमिट टाकला. इतिहास नीटनेटका दिसावा म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आता गिट ब्लेम चालवलं की प्रत्येक ओळीसमोर माझं नाव येतं. डेमो मी दिला. प्रमोशनच्या फॉर्ममध्येही ते काम आहे.

माझी बाजू क्लिंटनचीच आहे: मी नसतो तर ते वेळेत बाहेर पडलं नसतं. हे खोटं नाही. पण पैसा वाटला की कमी होतो, म्हणून त्यावर भांडण समजू शकतं. नाव वाटल्याने माझं काय कमी होणार होतं? याला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणजे लोभाची सबबसुद्धा नाही. १९९७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये क्लिंटनसोबत एकूण सोळा जण घेतले गेले. सोडून गेलेले तिघेही त्यात होते. यादी करणाऱ्याला जमत असेल तर ते जमतं. नाव माहीत असेल तर.

मला त्या मुलाचं नाव माहीत आहे. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला, "दादा, इंटरव्ह्यू आहे. रीट्राय मॉड्यूल मी लिहिलं होतं असं सांगू का? कोणी विचारलं तर तुम्ही हो म्हणाल ना?" मी अंगठा पाठवला. मग पुसला. आज त्याच्या होणाऱ्या मॅनेजरसाठी पत्र लिहायला घेतलंय. पहिल्याच ओळीत 'आम्ही' लिहिलं होतं, ते खोडलं.