सभेत नसलेले दोघे

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाणी, पार्किंग आणि गळती हे विषय संपले की आवारातल्या भटक्या कुत्र्यांचा विषय हमखास निघतो. एका बाजूला लहान मुलांचे पालक असतात. मूल सायकल घेऊन खाली उतरले की ते वर येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो. दुसऱ्या बाजूला रोज रात्री भाताचे पातेले घेऊन जिना उतरणारी माणसे असतात. त्यांच्यासाठी ‘फीडर’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. “उद्या मुलाला चावला तर जबाबदार कोण?” आणि “मुक्या जिवाने जायचे कुठे?” हे दोन प्रश्न समोरासमोर येतात, आवाज चढतात, कोणी पोलिसांत जाण्याची भाषा करते आणि निर्णय पुढच्या सभेवर जातो.

ज्या दोघांबद्दल हा वाद असतो ते सभेत नसतात. मुलाला मत नसते, कुत्र्याला वाचा नसते. त्यांच्या वतीने मोठी माणसे तावातावाने बोलतात. पण कुत्रे मुलाला कोणत्या प्रसंगी चावते आणि मुळात ते त्या आवारात का राहते, हे फारच थोड्यांनी नीट पाहिलेले असते.

मुलांचे रक्षण आणि प्राण्यांचे रक्षण या गोष्टी आज परस्परविरोधी भासतात, तरी आधुनिक काळात त्यांची सुरुवात एकमेकींच्या आधाराने झाली. 1874 मध्ये न्यूयॉर्कमधील मेरी एलन नावाच्या मुलीला ती राहत असलेल्या घरी बेदम मारहाण होत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा मदतीसाठी हेन्री बर्ग यांचे दार ठोठावले गेले. बर्ग हे 1866 मध्ये तेथे स्थापन झालेल्या प्राणिक्रौर्यविरोधी संस्थेचे संस्थापक. खटला न्यायालयात उभा राहिला, मुलगी सुटली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बालकांवरील क्रौर्य रोखणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. मुंबईतील प्राणिक्रौर्यविरोधी संस्थाही 1874 चीच. पुढे परळला निघालेले बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय तिच्याच कामातून वाढले.

कुत्र्यांवरून मुंबई याआधीही पेटली होती. उन्हाळ्याच्या दिवसांत मोकाट कुत्री मारावीत आणि प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस द्यावे, असा कंपनी सरकारचा शिरस्ता होता. बक्षिसाच्या लोभाने घरांच्या दारातली कुत्रीही मारली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र मानतात. मृतदेहावर त्याची नजर पडणे हा त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. जून 1832 मध्ये कोटात पारशांनी दुकाने बंद केली, दंगल उसळली आणि लष्कर बोलवावे लागले. मारू नका, हवे तर शहराबाहेर नेऊन सोडा, असे पारशांचे म्हणणे होते. जवळजवळ दोनशे वर्षांनंतर सोसायटीच्या सभेत तीच सूचना नव्याने मांडली जाते.

मराठी मनात या प्रश्नाचा एक आणखी जुना थर आहे. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव घरोघरी ठाऊक आहेत. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो. आणि त्याच घरांतून ‘पिसाळलेला कुत्रा’ या शब्दाची धास्तीही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. दोन्ही भावना अस्सल आहेत. एकीला अंधश्रद्धा आणि दुसरीला क्रौर्य म्हणून बाजूला सारणारा माणूस चर्चा सुरू होण्याआधीच ती गमावून बसतो.

मुलांची भीती खरी आहे, हे आधी मान्य करायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावा घेतलेल्या माणसांत सुमारे 40 टक्के 15 वर्षांखालील मुले असतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के कुत्र्यांमार्फत येतो. मुलाची उंची कमी, त्यामुळे चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा हातावर पडण्याचा धोका अधिक. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. जखम मेंदूच्या जितकी जवळ तितका हाताशी वेळ कमी. एकदा लक्षणे दिसू लागली की वाचणे जवळपास अशक्य. मूल धावते, किंचाळते, खाणाऱ्या कुत्र्याजवळ जाते, पिल्लांच्या आईसमोर पिल्लू उचलते. कुत्रे या सगळ्याचा अर्थ स्वतःच्या भाषेत लावते. आणि ओरखडा उठला तर ‘तिकडे गेलासच का’ म्हणून ओरडा बसेल या भीतीने अनेक मुले तो लपवतात. घरातला हा धाक काही वेळा चाव्याहून घातक ठरतो.

कारण चाव्यानंतरचा पहिला तास मोलाचा असतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुणे हा उपाय कोणत्याही घरात करता येतो आणि तो खरोखर जीव वाचवतो. तरीही अजून अनेक ठिकाणी हळद, तिखट किंवा चुना भरला जातो. त्यानंतर लस. सरकारी दवाखान्यांत ती त्वचेत टोचतात, पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. जखम खोल असेल तर तिच्यात इम्युनोग्लोब्युलिनही भरावे लागते. ‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही जुन्या पिढीच्या मनात बसलेली धास्ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेल्या सेम्पल लसीची. ती 1911 मध्ये कसौलीला विकसित झाली आणि भारतात 2005 च्या सुमारास तिचा वापर थांबला. तिची आठवण सांगून आजच्या मुलाला घाबरवण्याचे काही कारण नाही. रेबीजची लस माणसावर यशस्वीपणे वापरली गेल्याची पहिली गाजलेली घटना लहान मुलाचीच आहे. 6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या देखरेखीखाली नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ती टोचली गेली. ती सशांच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून बनवलेली होती. मुलांच्या सुरक्षिततेवर प्राण्यांचे किती जुने ऋण आहे, हे या एका तपशिलातून कळते.

कुत्री आवारात येतात ती मुख्यतः उकिरड्यामुळे. उघडी कचराकुंडी, मटणाच्या दुकानामागचे फेकलेले अवशेष, लग्नाच्या कार्यालयाबाहेरचे खरकटे यांवर किती कुत्री जगू शकतात, यावरून वस्तीतली त्यांची संख्या ठरते. कुत्रीला दिवस गेल्यापासून दोन महिन्यांच्या आसपास पिल्ले होतात. एका जागेची सगळी कुत्री उचलून नेली आणि उकिरडा तसाच राहिला, तर शेजारच्या गल्लीतली कुत्री ती जागा घेतात. ती नवी असतात, नसबंदी व लसीकरण न झालेली असतात आणि हद्दीसाठी भांडत असतात. नगरपालिकांनी अनेक दशके कुत्री मारली, तरी ती संपली नाहीत ती यामुळे. कुत्री वाढण्यात गिधाडे नाहीशी होण्याचाही वाटा आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, मेलेली गुरे खाणारी गिधाडे भारतभर झपाट्याने संपली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. तोवर गावाबाहेर पडणारे मढे कुत्र्यांच्या वाट्याला गेलेले होते.

कायद्याची वाटचाल या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आग्रह धरल्यानंतर 1960 मध्ये प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. 2001 मध्ये कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम आले आणि 2023 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. कुत्रे पकडावे, नसबंदी करावी, रेबीजची लस द्यावी, ओळख म्हणून कानाला खाच पाडावी आणि जिथून उचलले तिथेच सोडावे, हा त्यांचा गाभा. याच नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ हा शब्द आहे आणि त्यांना खाऊ घालण्याची व्यवस्था रहिवासी संघटनेने करावी असे सांगितले आहे. ती जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारापासून दूर हवी. मुले व वृद्ध कमीत कमी फिरतात अशी वेळ निवडायला हवी. म्हणजे सभेत ज्यावरून भांडण होते त्यातल्या अर्ध्या मुद्द्यांचे उत्तर नियमात आधीच लिहिलेले आहे. जिन्याखाली ताटली ठेवणारा फीडर आणि खाऊ घालणाऱ्या बाईला गेटवर अडवणारी कमिटी, दोघेही ते वाचत नाहीत.

2025 मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात पुन्हा ऐरणीवर आला. दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश 11 ऑगस्टला निघाला. 22 ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडायची, मात्र पिसाळलेली किंवा आक्रमक कुत्री सोडायची नाहीत, आणि वाटेल तिथे रस्त्यावर खाऊ न घालता त्यासाठी ठरावीक जागा नेमायच्या, असे ठरले. 7 नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवावीत व तेथे परत सोडू नयेत असे सांगितले. आक्रमक कुत्र्याचा अपवाद योग्य आहे. मुलावर वारंवार धावून जाणारे कुत्रे त्याच गल्लीत परत आणून सोडणे ही भूतदया नव्हे. त्यामुळे बाकीच्या निरुपद्रवी कुत्र्यांविरुद्धही लोकमत पेटते.

या साऱ्या चर्चेत एक मुद्दा फार कमी वेळा मांडला जातो, तो म्हणजे ओळखीच्या कुत्र्याचे मोल. चावलेले कुत्रे 10 दिवसांनंतरही धडधाकट असेल, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे धरता येते. लस लगेच सुरू करायचीच असते. पण पुढचे डोस थांबवावेत का, हे या निरीक्षणावरून डॉक्टर ठरवू शकतात. ते कुत्रे कोणते, त्याला लस केव्हा दिली, ते आज कुठे बसते, हे सांगू शकणारी व्यक्ती म्हणजे बहुधा रोज खाऊ घालणारी बाई किंवा रात्रपाळीचा वॉचमन. संतापलेल्या जमावाने ते कुत्रे पळवून लावले किंवा मारले, तर मुलाच्या आईवडिलांच्या हातातली सर्वांत उपयोगी माहिती जाते. म्हणून खाऊ घालणाऱ्याने प्रत्येक कुत्र्याच्या लसीची वही ठेवणे हे मुलांसाठीच केलेले काम ठरते. जो खाऊ घालतो पण नसबंदीच्या गाडीला कुत्रे पकडून देत नाही, त्याची दया अर्ध्या वाटेत थांबलेली असते.

या वादात धोका सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही, हेही स्पष्ट बोलायला हवे. भुयारी पार्किंगमधून गाडीत बसून जाणाऱ्या माणसाला रात्रीची गल्ली दिसत नाही. झोपडपट्टीतले उघड्यावर खेळणारे मूल, पहाटे कचरा वेचायला निघालेली बाई, पाळी संपवून चालत घरी जाणारा कामगार, सायकलवरून दूध टाकणारा पोऱ्या यांना ती रोज पार करावी लागते. यांतले कोणीच सोसायटीचे सभासद नसतात. त्यांना चावा बसला तर मजुरीचे चार दिवस लसीच्या रांगेत जातात. सभेबाहेरच्या या माणसांची बाजू ऐकल्याशिवाय झालेला कोणताही ठराव अपुरा राहतो.

दोन्ही बाजू एकाच कामाने सांभाळता येतात, याचा पुरावा गोव्यात आहे. तेथे 2013 पासून राज्य सरकार आणि ‘मिशन रेबीज’ यांनी पथके पाठवून कुत्र्यांना गल्लोगल्ली लस दिली. कोणत्या भागात किती कुत्री झाली याची नोंद मोबाइलवर होत गेली. वर्षाला 95 हजारांवर कुत्र्यांचे लसीकरण झाले, प्रमाण 70 टक्क्यांपर्यंत पोहोचले. रेबीजची साखळी तोडायला एवढे प्रमाण पुरते असे मानले जाते. दरवर्षी सुमारे दीड लाख मुलांना शाळेत जाऊन कुत्र्याजवळ कसे वागावे आणि चावल्यास काय करावे हे शिकवले. 2019 पर्यंत कुत्र्यांमधील रेबीजच्या मासिक घटना 92 टक्क्यांनी घटल्या आणि माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले. कुत्री हद्दपार न करता हे साधले. मात्र एकट्या सोसायटीला हे जमणारे नाही. कुत्र्याची हद्द कंपाउंडच्या भिंतीवर संपत नाही. शेजारच्या चार गल्ल्या लसीविना राहिल्या तर एका आवारातली पंधरा कुत्री टोचून फारसे साधत नाही. वॉर्डाच्या पातळीवर, वर्षानुवर्षे, ठरलेल्या महिन्यात हे काम व्हावे लागते.

गोव्याचे गणित प्रत्येक प्राण्याला लागू पडेलच असे नाही. जुन्नर, शिरूरच्या उसात बिबट्या वावरतो आणि तेथे धोका चाव्याचा नसून मूल उचलून नेले जाण्याचा असतो. त्या गावातल्या आईला सहजीवनाचा उपदेश करण्याचा अधिकार शहरातल्या कोणालाही नाही. तरी एक धडा दोन्हीकडे सारखा आहे. बिबटे पकडून दूर नेऊन सोडल्याने हल्ले कमी होत नाहीत, उलट सोडलेल्या भागात ते वाढू शकतात, असे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर परिसरातील अभ्यासातून दिसले. जागा रिकामी करणे आणि धोका घटवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून पेटलेल्या वादात प्रश्न विष्ठेच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसांच्या विकाराचा होता. तेथे उपाय तुलनेने सोपा आहे, कारण पोतीच्या पोती दाणे ओतून तो थवा माणसानेच एका जागी जमवलेला असतो.

कुत्र्यांच्या बाबतीत अवघड भाग उरतो तो निवाऱ्यांचा. शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या आवारातून हलवलेले कुत्रे कुठेतरी ठेवावेच लागते. दाटीवाटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये डिस्टेंपर आणि पार्व्हो हे संसर्गजन्य आजार झपाट्याने पसरतात, दुबळी कुत्री मार खातात आणि रोजच्या खाण्याचा खर्च कुत्रे जगेल तितकी वर्षे चालू राहतो. त्यामुळे निवाऱ्यातल्या जागा खरोखर आक्रमक, आजारी आणि परत सोडता न येणाऱ्या कुत्र्यांसाठी राखून ठेवणे, आणि शाळेभोवतीची पडकी भिंत बांधणे, मध्यान्ह भोजनाचे खरकटे झाकून उचलणे, गेटपाशी माणूस नेमणे ही कामे त्याआधी करणे शहाणपणाचे ठरते. ती झाली की हलवावी लागणारी कुत्री थोडी उरतात, आणि थोडी असली तरच त्यांना नीट सांभाळता येते.